मुरतें पाणी आणि संगणकाचें चित्र

चित्रपटांतील पाऊस व पूर अलीकडे पुष्कळदां संगणकावर रचिलेले असतात. लाट उसळणें, थेंब फुटणें हें सारें या यंत्राला बरेंच लवकर साधलें. पण तेंच पाणी मातीवर पडून मुरावयाचें म्हटलें कीं अडचण सुरू होते. माती काळसर रंगविली म्हणजे ती भिजली असें होत नाहीं. जमिनींत शिरलेलें पाणी दृष्टीआड होतें, परंतु नाहींसें होत नाहीं. त्याचा हिशेब कोठें तरी ठेवावाच लागतो.

हा हिशेब जागोजागीं किती बदलतो, तें कृष्णेच्या खोऱ्यांत एका दिवसाच्या प्रवासांत दिसतें. सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वराच्या माथ्यावर जांभा दगड आहे, तांबडा आणि सच्छिद्र. पावसाचें पाणी तो पिऊन घेतो, आणि खालच्या घट्ट थरापाशीं तें झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. तेथून नदीकांठानें सांगलीकडे उतरलें म्हणजे काळी जमीन लागते. तिच्या चिकणमातीचे कण इतके बारीक, कीं ती पाणी ओढून घेते जोरानें, पण पुढें सरकूं देते अगदीं बेताबेतानें. शिवाय ओली झाली कीं ती फुगते. उन्हाळ्यांत जिच्या भेगांत हात जाईल, तीच जमीन चार मोठ्या पावसांनंतर सांधली जाते, आणि मग वरचें पाणी शेतांत तुंबतें. मातींत शिरतां शिरतां पाण्यानें आपलीच वाट बंद केली म्हणावयाची! जांभा पाण्याला नुसती वाट देतो. काळी माती पाण्याबरोबर स्वतः बदलते. संगणकाला अवघड जातें तें हेंच.

प्रत्येक छिद्र मोजावयाचें म्हटलें तर मूठभर मातीनेंहि यंत्र थकेल. म्हणून सरासरीवर काम भागवितात. द्रवाचे असंख्य कण कल्पून त्यांची गति काढण्याची एक रीत आहे. ती १९७७ मध्यें एकीकडे ल्यूसी यांनीं व दुसरीकडे गिंगोल्ड आणि मोनॅगन यांनीं बसविली, आणि तीहि ताऱ्यांच्या अभ्यासासाठीं! २००८ मध्यें बेल्जममधील ल्यूव्हेन विद्यापीठांतील लेनार्ट्‌स, अॅडम्स व ड्यूत्रे यांनीं ती सच्छिद्र पदार्थांस लाविली. पदार्थाचेहि कण कल्पावयाचे आणि प्रत्येकाच्या नांवें खातें उघडावयाचें: आंत पोकळी किती, तींतील भरली किती. पाण्याचा कण पदार्थास भिडला कीं त्याचें वजन घटतें, व तितकेंच समोरच्या खात्यांत जमा होतें. भरलेल्या कणाकडून रित्या कणाकडे पाणी सरकतें. कण भरला कीं फुगतो, दाबला कीं पाणी परत सोडतो. आणि पोकळी बदलली कीं पुढचें सरकणेंहि बदलतें.

किती वेगानें सरकावें, हें सांगणारा नियम मात्र जुना आहे. फ्रान्समधील दिजाँ शहराचा पाणीपुरवठा ज्यानें उभारला, त्या आंरी दार्सी नांवाच्या इंजिनिअरानें वाळू भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून पाहिलें आणि १८५६ मध्यें तो प्रसिद्ध केला. दोन टोकांच्या पाण्याच्या उंचींत फरक जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. वाळूचा थर जितका लांब, तितका तो कमी. पदार्थाचा उरलेला स्वभाव एका अंकांत सांठवितां येतो. वाळूचा हा अंक मोठा, चिकणमातीचा हजारों पटींनीं लहान.

चित्रकाराचें काम माती ओली दिसली म्हणजे संपतें. मिरज-वाळवे भागांतील शेतकऱ्याची काळजी तेथून पुढें सुरू होते. उसाला पाणी अति झालें आणि निचरा झाला नाहीं, तर जमिनींतील पाण्याची पातळी वर येते. बारीक छिद्रांतून तें पाणी पृष्ठभागापर्यंत चढतें, उन्हानें त्याची वाफ होते, आणि त्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. अशीं पांढरीं पडलेलीं रानें त्या भागांत कित्येक आहेत. उपाय म्हणून जमिनीखालीं भोंकें पाडलेले नळ पुरून पाणी बाहेर काढतात. दोन नळांत अंतर किती ठेवावें, हें ठरवितांना दार्सीचाच तो अंक लागतो. जड काळ्या रानांत नळ जवळजवळ घालावे लागतात, आणि खर्चहि त्या मानानें वाढतो.