माहिती चौकट : लासुर्णे गाव ते न्हावा शेवा बंदर, बिलात काय काय?

बंदर : न्हावा शेवा म्हणजेच उरणजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर, १९८९पासून सुरू.

दर कोण ठरवतं : १९९७पासून ‘टॅम्प’ हे केंद्रीय प्राधिकरण ठरवायचं. २०२१च्या कायद्याने तो अधिकार प्रत्येक मोठ्या बंदराच्या मंडळाकडे गेला.

मोजमाप : २० फुटी कंटेनर म्हणजे एक ‘टीईयू’, ४० फुटी म्हणजे दोन.

बिलात तपासा : टर्मिनल हाताळणी, मुदतीनंतरचं जागाभाडं, रीफरचा (शीत कंटेनरचा) वीजखर्च. शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर मुदतीनंतर परत केल्याचं शुल्क) वेगळं.

पारदर्शकता का हवी : द्राक्ष-डाळिंबाचं भाडं वाहतूकदार आधीच ठरवतो. गेटबाहेर ट्रेलर रांगेत थांबला, तरी रीफरचा जनरेटर डिझेल खातच असतो. त्यात ऐनवेळी नवं शुल्क आलं, तर ते त्याच्याच खिशातून जातं. म्हणून प्रत्येक आकार स्वतंत्र ओळीत आणि आगाऊ कळलाच पाहिजे.