बंधाऱ्यापुढची हिरवी फळी

समुद्रानं किनारा खाल्ला की कोकणातल्या गावाची पहिली मागणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची असते. मागणी रास्तच. पण काँक्रीटच्या बंधाऱ्याला लागणारं सिमेंट बनवण्यासाठी चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीचं इंधन वेगळंच. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे. त्यामुळे बंधाऱ्याच्या जोडीला किनाऱ्यावरच्या वनस्पती घेण्याचा विचार पुढे आला, आणि पाठोपाठ काही गैरसमजही.

‘कांदळवन असलं की बंधाऱ्याची गरजच नाही.’
कांदळवनाचा १०० मीटर रुंद पट्टा लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतो. आकड्यांत एवढी तफावत का? झाडांची दाटी, मुळांची ठेवण, पाण्याची खोली, सगळंच जागोजागी बदलतं. शिवाय ही झाली लाटेची गोष्ट. चक्रीवादळात समुद्राची पातळीच तासन्‌तास फुगते, आणि ते पाणी काही सेंटिमीटरनं उतरवायलाही किलोमीटरभर रुंद कांदळवन लागतं. तेव्हा बांध हवाच, फक्त तो लहान चालतो.

नेदरलँड्समध्ये हे करून पाहिलंय. वेर्केन्डामजवळच्या नूर्डवार्ड भागात, गोड्या पाण्याच्या काठी, बांधापुढे विलोची झाडं लावली. लाटा त्यांत मोडतात, म्हणून बांध सुमारे ७० सेंटिमीटर बुटका ठेवता आला. उत्तरेला डोलार्डच्या काठी तर पाण्यातलाच गाळ काढून, सुकवून त्या मातीचा बांध घातला. डांबराऐवजी वर गवत, उतार अगदी मंद, आणि पुढे खाऱ्या दलदलीचा पट्टा. आपल्या खाडीकाठच्या शेतकऱ्याला मातीची खारबंदिस्ती नवी नाही. त्याला यात फारसं नवल वाटू नये.

‘झाडं कार्बन शोषतात, तीच खरी बचत.’
रोपं लावल्याबरोबर फार काही शोषलं जात नाही. पहिली बचत होते ती न वापरलेल्या सिमेंटची, डांबराची, लांबून न आणलेल्या दगडाची. कांदळवनातला बहुतेक कार्बनही खोडांत नसतो. तो चिखलात असतो. तिथं प्राणवायू पोचत नाही, म्हणून पालापाचोळा लवकर कुजत नाही आणि थरावर थर साचत जातो. उभं कांदळवन तोडून दुसरीकडे रोपं लावली तर हा साठा भरून यायला पिढ्या जातील. ‘भरपाई वृक्षारोपण’ हा शब्द मला म्हणूनच फसवा वाटतो.

‘किनारा दिसला की रोपं लावा.’
कांदळाची झाडं ओहोटीला उघडी पडावी लागतात; सतत पाण्याखाली ती गुदमरतात. फिलिपाइन्समध्ये चुकीच्या जागी केलेल्या मोठ्या लागवडींत जेमतेम १०-२० टक्के रोपं तगली. वाळूच्या पुळणीवर तर कांदळ नकोच. तिथं मर्यादवेल आणि ‘रावणाच्या मिशा’ हे गवत उडती वाळू अडवून टेकाड उभं करतात. आपण मात्र हौसेनं सुरूची झाडं लावत आलो. सुरू वारा अडवतो, पण त्याच्या सावलीत आणि सुयांच्या थराखाली या वनस्पती तग धरत नाहीत, आणि बुंध्याखालची वाळू समुद्रानं ओढून नेली की झाडही आडवं होतं.

हे सगळं करायला बांधापुढे जागा लागते. मरिन ड्राइव्हला ती नाही. तिथं काँक्रीटचे टेट्रापॉडच राहणार. ठाण्याच्या खाडीकाठी ती अजून आहे, पण समुद्र चढत असताना मागे रस्ता किंवा इमारत उभी राहिली तर कांदळाला मागे सरकायला वाट उरत नाही.