मोफत कॉलेज : कोणासाठी आणि कधीपर्यंत?

न्यूयॉर्क शहरात कॉलेजचे शिक्षण १२९ वर्षे मोफत होते. १८४७ साली ते मोफत करण्याचे ठरले आणि १९७६ साली त्यावर फी बसली. पहिल्या सालाचे गोडवे अमेरिकेत पुष्कळ गायले जातात. दलित चळवळीतल्या माणसाने मात्र दुसऱ्या सालापाशी थांबून विचार केला पाहिजे. हायस्कूल पार केलेल्या प्रत्येक मुलामुलीला कॉलेज विनामूल्य मिळावे, ही मागणी गेल्या काही वर्षांत त्या देशात पुन्हा होऊ लागली आहे. आपल्याकडेही 'फी माफ करा' ही घोषणा विद्यार्थ्यांच्या मोर्चात असतेच. ही मागणी जगातल्या एका मोठ्या महानगरात प्रत्यक्षात उतरलेली होती. ती कोणाच्या पदरात पडली आणि नेमकी केव्हा काढून घेतली गेली, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असायला हवे.

टाउनसेंड हॅरिस नावाचा एक व्यापारी त्या वेळी न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष होता. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलांनी एका बाकावर बसावे आणि त्यांच्यात बुद्धी व परिश्रम यांखेरीज दुसरा भेद नसावा, असा त्याचा आग्रह. १८४७ साली शहराच्या मतदारांनी त्याच्या योजनेला कौल दिला आणि १८४९ साली 'फ्री अ‍ॅकॅडमी' सुरू झाली. हीच पुढे सिटी कॉलेज झाली. मुलींसाठी १८७० साली निराळी संस्था निघाली, तिचे नाव पुढे हंटर कॉलेज पडले. मग ब्रुकलिन कॉलेज, क्वीन्स कॉलेज अशी भर पडत गेली आणि १९६१ साली या सर्वांची मिळून सिटी युनिव्हर्सिटी बनली. खर्च शहराच्या करांतून आणि राज्याच्या अनुदानातून, विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी नाही.

या कॉलेजांनी काय केले? पूर्व युरोपातून पळून आलेल्या ज्यू शिंप्यांची, हातगाडीवाल्यांची मुले तिथे शिकली. मोठमोठी खाजगी विद्यापीठे ज्यूंच्या संख्येवर छुपी मर्यादा घालत होती त्या काळात ही मुले सिटी कॉलेजात गर्दी करत होती. पोलिओची लस शोधणारा जोनास साल्क १९३४ साली इथूनच पदवीधर झाला. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारा केनेथ अ‍ॅरो इथलाच. सार्वजनिक पैशाने शिकलेल्या गरिबांच्या पोरांनी समाजाला काय परत दिले याचा हिशेब मागणाऱ्यांना ही दोन नावे पुरेत.

जाता जाता एक गोष्ट. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तिथून सिटी कॉलेज मैल-सव्वा मैलावर आहे. बाबासाहेब तिथे बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर होते. एका राजाची मर्जी आणि एका शहराने मान्य केलेला हक्क, ज्ञानाकडे जाण्याचे हे दोन रस्ते त्या काळी एकाच शहरात शेजारी शेजारी नांदत होते.

आता या चित्राची दुसरी बाजू. सिटी कॉलेज १९०७ पासून ज्या वस्तीत उभे आहे ती हार्लेम. काळ्या माणसांची अमेरिकेतली सर्वांत नावाजलेली वस्ती. १९६०च्या दशकात टेकडीच्या पायथ्याशी काळे आणि पोर्तोरिकन लोक राहत होते आणि टेकडीवरच्या वर्गांत बहुतेक चेहरे गोरे होते. कॉलेज मोफत होते. दारावर फीचे कुलूप नव्हते. तिथे गुणांचे कुलूप होते. जागा मर्यादित आणि अर्जदार पुष्कळ, म्हणून प्रवेशासाठी लागणारी हायस्कूलची सरासरी चढत गेली. ज्या शाळांत मोडकी बाके, कोंबलेले वर्ग आणि कंटाळलेले शिक्षक, त्या शाळांतली मुले ती सरासरी कुठून आणणार? 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. तो कोणाच्या तोंडून केव्हा बाहेर पडतो, हेही ओळखीचे आहे.

हार्लेमची झाडूवाली, मोलकरीण, हमाल शहराचा कर भरत होते. त्या करातून चालणाऱ्या मोफत कॉलेजात त्यांची मुले अपवादानेच होती. शिक्षण मोफत असणे आणि शिक्षण खुले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इथे स्वच्छ दिसते.

२२ एप्रिल १९६९ रोजी काळ्या आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजचा दक्षिणेकडचा भाग ताब्यात घेतला. दोन आठवडे त्यांनी तो सोडला नाही. आपल्या त्या जागेला त्यांनी 'हार्लेम विद्यापीठ' म्हटले. त्यांच्या पाच मागण्या होत्या. त्यांतली एक अशी की, शहराच्या हायस्कुलांत काळ्या-पोर्तोरिकन मुलांचे जे प्रमाण आहे ते कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांत दिसले पाहिजे. सरकारी वर्तुळात यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी १९७५ साली अमलात आणायचे म्हणून ठेवलेले 'खुल्या प्रवेशा'चे धोरण घाईने १९७० सालीच लागू झाले. शहरातील हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला युनिव्हर्सिटीच्या कोणत्या ना कोणत्या कॉलेजात जागा. ज्याची सरासरी ८० किंवा जो आपल्या शाळेतल्या वरच्या अर्ध्यात, त्याला चार वर्षांच्या कॉलेजात, इतरांना दोन वर्षांच्या. पहिल्या वर्षाला येणारी संख्या सुमारे २० हजारांवरून एका उडीत सुमारे ३५ हजारांवर गेली.

आता शिक्षण मोफतही होते आणि खुलेही होते. अशी अवस्था फक्त सहा वर्षे टिकली.

त्या सहा वर्षांत काय घडले हे आपल्या शिक्षक-वाचकांसाठी थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. ज्यांना नीट लिहिता येत नाही अशी मुले वर्गात आली, असा ओरडा झाला. विद्यापीठ रसातळाला गेले, असे लेख छापून आले. पण सिटी कॉलेजात या मुलांच्या लेखनाचे वर्ग सांभाळणाऱ्या मीना शॉनेसी या बाईंनी हजारो निबंध बारकाईने तपासले आणि १९७७ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की, या मुलांच्या चुका निर्बुद्धपणाच्या नाहीत. त्या चुकांना त्यांचे स्वतःचे नियम आहेत, त्यांचे तर्कशास्त्र आहे. शिक्षकाने ते शिकून घेतले पाहिजे. मुलाच्या बोलीला हसून त्याची वही बाजूला ढकलणाऱ्या आपल्याकडच्या प्राध्यापकांनी हे पुस्तक वाचायला हरकत नाही. त्याच कॉलेजात ऑड्री लॉर्ड, एड्रियन रिच, जून जॉर्डन या कवयित्री हे प्राथमिक लेखनाचे वर्ग घेत होत्या. नामवंत साहित्यिकांनी पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना वाक्य लिहायला शिकवावे, याची कल्पना आपल्या विद्यापीठांत करून पाहावी.

आणखी एक गोष्ट दडपली जाते. खुला प्रवेश काळ्यांसाठी मागितला गेला, पण डेव्हिड लॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले की, त्याचा फायदा गोऱ्या कामगारांच्या, विशेषतः इटालियन आणि आयरिश कॅथलिक घरांतल्या मुलांनाही फार मोठ्या संख्येने झाला. रस्त्यावर लढले ते काळे; दार उघडले ते सर्वांना. याच लॅव्हिन यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्याबरोबर १९७० ते ७२ मध्ये प्रवेश घेतलेल्या स्त्रियांचा तीस वर्षांनी पुन्हा माग काढला. सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी कधी ना कधी पदवी पुरी केली होती. चार वर्षांत नव्हे. नोकरी, लग्न, बाळंतपणे सांभाळत दहा-दहा वर्षांनीसुद्धा. आणि त्यांची मुले शिक्षणात पुढे गेली होती. 'गळती झाली' म्हणून ज्यांची नोंद त्या काळी केली गेली, त्यांतल्या कित्येक जणी केवळ रेंगाळल्या होत्या.

१९७५ साली न्यूयॉर्क शहराचे दिवाळे निघायची वेळ आली. कर्ज देणाऱ्या बँकांनी हात आखडला, केंद्र सरकारने आधी मदत नाकारली. खर्च कमी करा, असा तगादा लागला आणि मोफत विद्यापीठ ही चैन आहे असे सर्व बाजूंनी सांगितले जाऊ लागले. १९७६च्या मे महिन्याच्या अखेरीस पगाराला पैसे नाहीत म्हणून संपूर्ण सिटी युनिव्हर्सिटी दोन आठवडे बंद ठेवण्यात आली. जूनमध्ये फी लावण्याचा निर्णय झाला. हजारो शिक्षकांना घरी पाठवले गेले. पुढच्या काही वर्षांत विद्यार्थिसंख्या हजारोंनी घसरली.

पैशाची अडचण खरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९३०च्या महामंदीतही शहर भिकेला लागले होते आणि कॉलेज मोफतच राहिले होते. तेव्हा वर्गात गोरी मुले होती. १९७६ साली वर्गाचा रंग बदललेला होता. या दोन गोष्टींचा संबंध नाही असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल तसे वाटून घ्यावे.

आमचे काही मित्र म्हणतील, फी लागली म्हणून काय झाले? गरिबांची फी राज्य सरकारने भरली ना? हे अर्धे खरे आहे. १९७४ पासून न्यूयॉर्क राज्याची फीसाहाय्याची योजना होती आणि अगदी गरीब, पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलाची फी तिच्यातून भागत होती. पण दिवसा काम करून संध्याकाळी दोन विषय घेणारा त्या योजनेत बसत नव्हता. आणि जे बसत होते त्यांनाही आता आपले दारिद्र्य कागदावर सिद्ध करावे लागणार होते. पूर्वी कॉलेजच्या दाराशी 'मी या शहराचा' एवढे सांगून भागत होते. आता 'मी गरीब आहे' असे दरवर्षी सांगावे लागणार. हक्काचे रूपांतर सवलतीत झाले. सवलत देणारा हात ती केव्हाही आखडता घेऊ शकतो. खुल्या प्रवेशाचेही पुढे तेच झाले. १९९९ साली चार वर्षांच्या कॉलेजांतले पूर्वतयारीचे वर्ग बंद करण्याचा ठराव झाला आणि कच्च्या विद्यार्थ्याला तिथले दार पुन्हा बंद झाले.

मोफत कॉलेजविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप उजवीकडचा नाही, तो गरिबांच्या बाजूने येतो. कॉलेजात जातात कोण? सुखवस्तू घरांतली मुले. मग त्यांच्या शिक्षणाचा खर्च कष्टकऱ्यांच्या करातून का? हा प्रश्न आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे उभा केला होता. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो, अशी त्यांची स्पष्ट तक्रार होती. या साक्षीचा एवढाच भाग सांगून थांबणारे पुष्कळ आहेत. त्याच साक्षीत ज्योतिरावांनी असेही म्हटले आहे की, सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे असे देशाचे हित पाहणारा कोणीही म्हणणार नाही. आणि ज्या जातींत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा, अशी सूचना केली आहे. म्हणजे वरच्यांना मिळते म्हणून ते बंद करा, असे त्यांनी म्हटले नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७० साली नेमके हेच करून दाखवले गेले : मोफतपणा ठेवा, दार रुंद करा.

अलीकडच्या अमेरिकेतल्या योजना याच्या उलट्या रचनेच्या आहेत. टेनेसी राज्याने २०१५ पासून दोन वर्षांचे कॉलेज हायस्कूल पास झालेल्यांना मोफत केले. न्यूयॉर्क राज्याने २०१७ साली चार वर्षांच्या सरकारी कॉलेजांसाठी योजना आणली आणि २०१९ पर्यंत सव्वा लाख डॉलर वार्षिक उत्पन्नाच्या घरांपर्यंत ती नेली. या दोन्ही योजनांत पैसा सर्वांत शेवटी येतो. म्हणजे आधी बाकीच्या सगळ्या शिष्यवृत्त्या वजा करायच्या, मग फीतली जी तूट उरेल तेवढीच भरायची. जो सर्वांत गरीब, त्याची फी जुन्या मदतीतूनच भागलेली असते. त्याला या 'मोफत' योजनेतून जवळजवळ काहीच मिळत नाही. पुस्तके, खोलीभाडे, जेवण त्याचे त्यालाच पाहायचे. नव्या पैशाचा ओघ जातो तो त्याच्याहून वरच्या घराकडे.

याला उत्तरही न्यूयॉर्कमध्येच सापडले आहे. सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली दोन वर्षांच्या कॉलेजांत एक कार्यक्रम सुरू केला. फीतली तूट भरायचीच, शिवाय बस-रेल्वेचा पास द्यायचा, पुस्तकांना मदत करायची आणि मोजक्या विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार ठेवायचा. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून याची पाहणी झाली. तीन वर्षांत पदविका पुरी करणारे या गटात ४० टक्के निघाले, दुसऱ्या गटात २२ टक्के. बसच्या पासात आणि पाठीशी असलेल्या एका माणसात एवढी ताकद आहे.

हे सर्व महाराष्ट्रात बसून वाचताना आपल्या भारत सरकार शिष्यवृत्तीची आठवण होणे साहजिक आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात असताना १९४२ साली बाबासाहेबांनी निवेदन दिले आणि त्यातून १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची ही योजना उभी राहिली. तिच्या रचनेत पहिल्यापासून फी आणि निर्वाहभत्ता या दोन्ही गोष्टी आहेत. पुढे मिलिंद कॉलेजला लागून वसतिगृहे उभारण्यामागेही हीच समज होती. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या काही प्रवर्गांच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ केली, त्याचे स्वागतच आहे. पण चर्चा होते ती या फीचीच. निर्वाहभत्त्याचा आकडा कोणी उच्चारत नाही. २०२१च्या नियमावलीप्रमाणे साध्या पदवी अभ्यासक्रमाला असलेल्या, वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा भत्ता वर्षाला ३००० रुपये आहे. महिन्याला २५० रुपये. तालुक्याहून जिल्ह्याला एस.टी.ने येणाऱ्या मुलाने ते किती दिवस पुरवायचे? आणि वही-पुस्तके जून-जुलैत लागतात, पैसे खात्यावर पडतात ते कित्येकदा परीक्षा होऊन गेल्यावर. पुढचे निवेदन लिहिताना आपल्या विद्यार्थी मित्रांनी फीमाफीच्या ओळीखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात : भत्त्याची रक्कम किती, आणि ती कोणत्या तारखेला.