कमरेतली सुई आणि बाळंतिणीचं मत

कळा वाढवायचं सलाईन आपल्याकडच्या कुठल्याही प्रसूतिगृहात मिळतं. ऑक्सिटोसिनची नळी लावली की मंदावलेल्या कळा जोर धरतात, दोन कळांमधली उसंत कमी होते आणि पहिलटकरणीचा आवाज बाहेर बाकावर बसलेल्या आईपर्यंत पोचतो. त्याच खोलीत कळांचं दुखणं कमी करायची सोय आहे का, असं नाशिकमधल्या चार ठिकाणी विचारून पाहा. उत्तर यायला जरा वेळ लागतो.

‘नैसर्गिक बाळंतपण चांगलं की वेदनारहित?’ हा वाद डोहाळजेवणापासून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांपर्यंत रंगत असतो. मला तो पोकळ वाटतो, त्याचं कारण हेच. आपल्याकडे ज्याला नैसर्गिक म्हणतात त्या बाळंतपणात औषधं कमी नसतात. कळांचं सलाईन असतं. पिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून ड्रोटाव्हेरीन किंवा व्हॅलेथामेटची इंजेक्शनं असतात. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, असा बाईचा समज होतो तो बहुधा यांच्यामुळेच. अनेक ठिकाणी आधी एनिमा असतो आणि शेवटी छेद देऊन टाकेही असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिकाळातल्या काळजीबद्दल ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत सरसकट एनिमा नको, सरसकट छेद नको, प्रसूती लांबू नये म्हणून आधीच अशी इंजेक्शनं नकोत, असं स्वच्छ लिहिलं आहे. निरोगी बाईने वेदनाशमन मागितलं तर एपिड्युरल (म्हणजे कमरेतली सुई) द्यावं, हीसुद्धा त्यातलीच एक शिफारस. आपण नको म्हटलेलं ठेवलं आणि हवं म्हटलेलं वगळलं. औषधं सगळी असतात, दुखण्याचं तेवढं नसतं.

असं का होतं? डॉक्टर निर्दयी असतात म्हणून नव्हे. याचं कारण भूलतज्ज्ञाच्या दिवसभराच्या धावपळीत सापडतं. नाशिकसारख्या शहरात बाळंतपणांचा मोठा भाग छोट्या खासगी रुग्णालयांत होतो. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ स्वतःचे असतात, भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात. सकाळी कॉलेज रोडला हर्नियाची शस्त्रक्रिया, दुपारी सिडकोत सिझर, संध्याकाळी नाशिकरोडला मोडलेलं हाड. सिझरसाठी ते तासाभरात मोकळे होतात. एपिड्युरल दिलं तर बाईच्या कळा आठ तास चालू शकतात, बाराही. त्या सगळ्या वेळात रक्तदाब पाहायला, औषधाची मात्रा कमी-जास्त करायला, काही बिनसलं तर धावायला प्रशिक्षित माणूस हाताशी लागतो. एका बाळंतिणीसाठी दिवस अडवणं त्यांना परवडत नाही आणि तेवढं बिल भरणं घरच्यांना. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ असले तरी आधी अडलेल्या बाईचं सिझर, अपघाताचे रुग्ण, आणि मग बाकीचं. वेदना हे तातडीचं कारण आपल्या व्यवस्थेत धरलेलंच नाही.

याचा परिणाम उलटा होतो. ‘आता सहन होत नाही, सिझर करून टाका,’ हे वाक्य प्रसूतिगृहात काम करणाऱ्या कुणालाही नवं नाही. सिझर ठरलं की भूलतज्ज्ञ येतात आणि वेदना थांबते. म्हणजे दुखण्यातून सुटायचा एकच दरवाजा उघडा, तो ऑपरेशन थिएटरचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २५.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्याचं नोंदलं आहे. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होतं. या आकड्यांमागे कारणं पुष्कळ आहेत, पण कळांची भीती त्यांत नाही असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

आता ही सुई नेमकी काय करते ते पाहू, कारण तिच्याबद्दल जेवढं बोललं जातं त्यातलं निम्मं सिझरच्या भुलेबद्दलचं असतं. सिझरला बहुतेक वेळा स्पायनल देतात : एकच टोचणी, मात्रा मोठी, कमरेखालचं सगळं बधिर. एपिड्युरलचा बेत वेगळा. बाईला बसवून किंवा कुशीवर निजवून पाठ वाकवायला सांगतात, जागा बधिर करतात आणि कमरेच्या मणक्यांच्या फटीतून सुई मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीपर्यंत नेतात. सुईतून केसासारखी बारीक नळी आत सोडतात, सुई काढून घेतात आणि नळी पाठीला चिकटवून ठेवतात. त्या नळीतून ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन अगदी सौम्य प्रमाणात आणि सोबत फेंटानिलची सूक्ष्म मात्रा जाते. दहा ते वीस मिनिटांत कळ दुखेनाशी होते. पोट घट्ट होतंय एवढं कळतं. बाई जागी असते, बोलत असते, कधी चक्क झोपही काढते. पुढे सिझर करावंच लागलं तर त्याच नळीतून जास्त तीव्र औषध देता येतं.

फुकटात काहीच येत नाही. रक्तदाब उतरतो, म्हणून सलाईन आणि सतत मोजमाप. अंगाला खाज सुटते, थंडी वाजते, कधी ताप येतो. लघवीची जाणीव जाते, मग नळी घालावी लागते. बाळ बाहेर ढकलायचा शेवटचा टप्पा लांबतो. साधारण दहातल्या एकीला औषध नीट लागू पडत नाही किंवा एकाच बाजूला लागतं, आणि नळी हलवावी किंवा पुन्हा घालावी लागते. शंभरातल्या एखादीला आवरणाला छिद्र पडून नंतर दिवसचे दिवस तीव्र डोकेदुखी होते, उठून बसलं की वाढणारी. मज्जातंतूला कायमची इजा फारच दुर्मीळ, पण शून्य नाही. रक्त गोठण्यात बिघाड असेल, प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील किंवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर हा मार्ग बंद. उलट रक्तदाब वाढलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या बाईला अनेकदा डॉक्टर स्वतःहून एपिड्युरल सुचवतात, कारण कळांचा ताण तिच्या हृदयावर पडू द्यायचा नसतो.

आणि जन्मभराची कंबरदुखी? ‘माझ्या भावजयीला सुई दिली तेव्हापासून ती वाकू शकत नाही’ ही गोष्ट प्रत्येक घरात आहे. पण बाळंतपणानंतर कंबर दुखणं सुई न घेतलेल्या बायकांतही तेवढंच आढळतं. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये ४० चाचण्या आणि ११ हजारांहून अधिक बायकांचा आढावा घेतला. दीर्घकाळच्या कंबरदुखीशी एपिड्युरलचा संबंध त्यांना दिसला नाही, आणि सुईमुळे सिझर वाढतं हेही दिसलं नाही. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचं प्रमाण जुन्या चाचण्यांत वाढलेलं होतं. २००५ नंतरच्या, म्हणजे सौम्य मात्रा रूढ झाल्यानंतरच्या चाचण्यांत ते वाढलेलं आढळलं नाही. ‘पिशवीचं तोंड पुरेसं उघडेपर्यंत थांबा’ हा आग्रहही आता धरला जात नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, लेखिका सुईची वकिली करतेय. तसं नाही. औषधाशिवाय बाळंत व्हायचं ठरवणाऱ्या बाईला मी वेडी समजत नाही. उठता-फिरता येतं, शरीर आपल्या ताब्यात राहतं, लघवीची नळी नको, बाळंत झाल्यावर लगेच पायावर उभं राहता येतं. यातली प्रत्येक गोष्ट मोलाची आहे. पण त्यालाही व्यवस्था लागते, नुसता निर्धार पुरत नाही. सतत सोबत असणारं माणूस लागतं. कॉक्रेनच्याच २०१७ च्या आढाव्यात, २६ चाचण्यांमधल्या १५ हजारांवर बायकांत, सतत सोबत मिळालेल्यांची प्रसूती थोडी लवकर झाली, सिझर कमी झाली आणि वेदनाशामकंही कमी लागली. गरम पाण्याची अंघोळ, कंबर दाबून देणं, चालणं, उकिडवं बसणं, श्वासाकडे लक्ष देणं, यांनी वेदना जात नाही, पण सोसण्याची ताकद टिकते.

आणि इथेच आपल्या प्रसूतिगृहांची दुसरी बाजू उघडी पडते. केंद्र सरकारने बाळंतिणीसोबत तिच्या मर्जीची एक स्त्री असावी, असं २०१६ मध्येच कळवलं. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या, प्रसूती कक्ष सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतीचा आग्रह आहे. तरीही कितीतरी ठिकाणी आई दाराबाहेर आणि मुलगी आत, पाठीवर निजलेली, हाताला सलाईन, उठायची मुभा नाही, अशीच रीत चालते. म्हणजे औषध नाही आणि औषधाशिवाय सोसण्याची साधनंही नाहीत. त्यावर ‘आरडू नकोस, पोर काय फुकट होतं?’ हा शेरा. याला नैसर्गिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गंगापूर रोडवर प्रसूतिपूर्व वर्गाची फी भरून उभ्याने, उकिडव्याने कळा घ्यायला शिकवतात. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर जुन्या सुइणींना हे शिकवावं लागत नव्हतं : वर बांधलेली दोरी धरायची, मागून कुणीतरी कंबर दाबायची. पण त्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. वार अडकली, रक्तस्राव सुरू झाला किंवा मूल आडवं आलं की त्या दोरीचा काही उपयोग नव्हता. आनंदीबाई जोशींनी चौदाव्या वर्षी मुलाला जन्म दिला, तो दहा दिवसच जगला. पुढे फिलाडेल्फियाला जाऊन त्यांनी १८८६ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली आणि प्रबंधाचा विषय निवडला तोही आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं नोंदलं आहे आणि २०१८-२० मध्ये राज्याचा मातामृत्यूदर लाखाला ३३ पर्यंत खाली आला होता. ही कमाई मोठी आहे. जीव वाचला, एवढ्यावर समाधान मानायचे दिवस मात्र आता मागे पडायला हवेत.

वेदना सोसलीच पाहिजे, हा हट्ट आपलाच आहे असंही नाही. एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने १८४७ मध्ये बाळंतिणींना आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म दिलं, तेव्हा काही पाद्री बायबल उघडून उभे राहिले. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी जॉन स्नोकडून क्लोरोफॉर्म घेतलं आणि विरोध बराच मवाळ झाला. त्यानंतर नवव्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. १८६० च्या दशकात ती थळ घाट चढून नाशिककडे आलीसुद्धा. राणीला मिळालेली सोय मात्र अजून घाटाखालीच आहे असं वाटावं, अशी परिस्थिती.

आता घरातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दवाखान्यात आई असते. सही नवऱ्याची, तो पुण्याहून किंवा मुंबईहून येत असतो. आणि मत फोनवरून सासूबाईंचं. भूल देण्याच्या संमतिपत्रावर बाळंतिणीची स्वतःची सही पुरते. ती सज्ञान आहे, शुद्धीवर आहे आणि दुखतंय ते तिला. तरीही सुई घ्यायची की नाही यावर बाहेरच्या बाकावर बैठक भरते, आणि तिथे जिंकतो तो बहुधा सर्वांत मोठा आवाज. कळा सुरू झाल्यावर समजून-उमजून निर्णय घेणं तिलाही कठीणच असतं, म्हणून हे बोलणं आधी व्हायला हवं.

सातव्या महिन्यातल्या तपासणीला जाल तेव्हा काही गोष्टी थेट विचारा. तुमच्याकडे एपिड्युरल देतात का, आणि रात्री दोन वाजताही मिळेल का? भूलतज्ज्ञ नळी घालून निघून जातात की जवळपास थांबतात? त्याची फी पॅकेजात आहे की वेगळी? एपिड्युरल नसेल तर दुसरं काय, ट्रॅमाडॉलसारखं इंजेक्शन की नायट्रस ऑक्साईड आणि ऑक्सिजनचा वायू? आईला किंवा बहिणीला आत येऊ द्याल का? मला फिरू द्याल का? कळांचं सलाईन लावण्याआधी कारण सांगाल का? सुई हवी असलेल्या बाईला आणि नको असलेल्या बाईलाही हे प्रश्न सारखेच उपयोगी आहेत. उत्तरं देताना चिडणारा दवाखाना बदलायला सातव्या महिन्यात वेळ असतो, नवव्यात नसतो. हीच विचारणा महापालिकेच्या आणि जिल्हा रुग्णालयातही होऊ लागली, नगरसेवकांपर्यंत पोचली, तर भूलतज्ज्ञांच्या जागा भरताना प्रसूती कक्षाचा विचार कुणाला तरी करावा लागेल.

एक विनंती बाकावर बसणाऱ्यांना. सुई नको म्हणून ठरवून गेलेली मुलगी पाच तासांनी ती मागेल, किंवा घेणार म्हणालेली ऐनवेळी नको म्हणेल. दोन्हींना परवानगी असू द्या, आणि बारशाला त्यावरून टोमणा मारू नका.