शालेय खात्याचे बहुघटक प्रमाणीकरण

बहुघटक प्रमाणीकरण ही संगणकीय खात्यात प्रवेश करू पाहणाऱ्या व्यक्तीची ओळख एकाहून अधिक स्वतंत्र पुराव्यांनी पटवून घेण्याची पद्धत आहे. हे पुरावे तीन प्रकारचे मानले जातात : व्यक्तीला ठाऊक असलेली गोष्ट, तिच्याजवळ असलेली वस्तू आणि तिच्या शरीराचे लक्षण. पासवर्ड पहिल्या प्रकारात मोडतो, मोबाइल दुसऱ्यात आणि बोटाचा ठसा तिसऱ्यात. पुरावे वेगवेगळ्या प्रकारचे असणे आवश्यक असते. पासवर्डनंतर जन्मगाव विचारल्याने प्रमाणीकरण बहुघटक होत नाही, कारण दोन्ही गोष्टी केवळ ठाऊक असण्याच्या आहेत. भारतात ही पद्धत सर्वपरिचित झाली ती बँकांमुळे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी अतिरिक्त पुरावा बंधनकारक केला. पुढे ‘ओटीपी’ हा शब्द मराठीत रुळला.

शाळांशी संबंध

शाळेच्या खात्यात पैसे नसतात, म्हणून ते सुरक्षित आहे असा समज आढळतो. डिसेंबर २०२४ मधील घटना त्याच्या विरुद्ध साक्ष देते. अमेरिका व कॅनडातील अनेक शाळा विद्यार्थ्यांच्या नोंदी पॉवरस्कूल या कंपनीच्या प्रणालीत ठेवतात. या कंपनीच्या ग्राहक-साहाय्य पोर्टलमध्ये चोरलेल्या पासवर्डच्या आधारे प्रवेश मिळवण्यात आला. त्या प्रवेशाला दुसऱ्या घटकाची अट नव्हती. विद्यार्थी व शिक्षकांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि काहींच्या बाबतीत वैद्यकीय माहितीही बाहेर गेली. कंपनीने खंडणी दिली, तरी मे २०२५ मध्ये काही शाळा-मंडळांकडे त्याच माहितीच्या आधारे पुन्हा मागणी झाली. चोरीला गेलेले बँकेचे कार्ड बदलून मिळते, मुलाची जन्मतारीख मात्र बदलता येत नाही.

मांडणी

शाळेने दिलेले खाते वैयक्तिक खात्याहून एका बाबतीत वेगळे असते : त्याचे नियम प्रशासक ठरवतो. उदाहरणार्थ, गूगल वर्कस्पेसमध्ये प्रशासक प्रथम द्विस्तरीय पडताळणीची मुभा देतो आणि नंतर एका ठरावीक तारखेपासून ती सक्तीची करू शकतो. त्या तारखेपर्यंत नोंदणी न केलेला शिक्षक वा विद्यार्थी खात्याबाहेर अडकतो. वापरकर्त्याला आपल्या खात्याच्या सुरक्षाविषयक पानावर जाऊन दुसरा घटक निवडावा लागतो. त्यात एसएमएस, ऑथेंटिकेटर अ‍ॅप, फोनवरील संमतीची सूचना, पासकी किंवा पेनड्राइव्हसारखी दिसणारी सिक्युरिटी की असे पर्याय असतात.

ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे कार्य नीट समजून घेण्याजोगे आहे. नोंदणीच्या वेळी पडद्यावर दिसणाऱ्या क्यूआर कोडमध्ये एक गुप्त किल्ली असते. ती फोन व सर्व्हर या दोघांकडे साठवली जाते. पुढे दोन्ही बाजू ही किल्ली आणि त्या क्षणीची वेळ यांवर एकच गणित स्वतंत्रपणे करतात व त्यातून बहुधा सहा अंकी संकेतांक मिळतो, जो साधारणतः दर ३० सेकंदांनी बदलतो. हे गणित २०११ साली आरएफसी ६२३८ या दस्तऐवजात प्रमाणित झाले. संकेतांक फोनकडे कोणी पाठवत नाही, तो फोनमध्येच तयार होतो. त्यामुळे इंटरनेट वा सिमकार्ड नसले तरी चालते. फोनचे घड्याळ मात्र बरोबर हवे; ते काही मिनिटे पुढे-मागे असल्यास अचूक टंकलेला संकेतांकही नाकारला जातो. त्या क्यूआर कोडचे छायाचित्र काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे म्हणजे किल्लीची प्रत वाटण्यासारखे आहे, कारण ते ज्याच्या हाती पडेल त्याच्या फोनवरही तेच संकेतांक उमटतात.

एसएमएस सोपा असला तरी तो मोबाइल क्रमांकावर अवलंबून असतो. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण येथेच होते. रिचार्ज न झालेला भारतीय प्रीपेड क्रमांक कालांतराने बंद होतो आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. त्या क्रमांकावर जुन्या महाविद्यालयाचे खाते जोडलेले असेल तर गुणपत्रकासाठीचा पत्रव्यवहारही अडतो. निघण्यापूर्वी अ‍ॅप किंवा पासकी जोडून घेणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

फोन हरवल्यास

नोंदणीतील सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणजे पर्यायी संकेतांक. गूगल असे १० संकेतांक देते, प्रत्येक आठ अंकी व एकदाच चालणारा. ते कागदावर छापून घरी ठेवणे योग्य. फोनमध्येच ठेवल्यास फोनबरोबर तेही जातात. संकेतांक नसतील तर शाळेच्या प्रशासकाला विनंती करावी लागते. अशा वेळी प्रशासकाने समोरील व्यक्तीची ओळख प्रत्यक्ष पटवून घेणे अपेक्षित असते, कारण ‘माझा फोन हरवला’ असे सांगून खाते बळकावण्याचे प्रयत्नही होतात.

मर्यादा

जेथे एकच खाते कार्यालयातील अनेकजण वापरतात, तेथे मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी लिपिकाने फोनवरून विचारून घेण्याची पद्धत पडते. ही सवय भामट्यांच्या पथ्यावर पडते. ओटीपी सांगण्यात वावगे काही नाही, असे कर्मचाऱ्याला वाटू लागते. प्रत्येकाला स्वतंत्र खाते देणे हाच येथे खरा उपाय आहे.

बनावट प्रवेशपानावर टंकलेला सहा अंकी संकेतांकही तत्काळ खऱ्या पानावर वापरला जाऊ शकतो. पासकी व सिक्युरिटी की यांना हा धोका नाही, कारण त्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः तपासतात आणि पत्ता वेगळा असल्यास उत्तरच देत नाहीत. फोनवर संमतीच्या सूचनांचा मारा करून वैतागलेल्या व्यक्तीकडून ‘होय’ दाबून घेण्याचा प्रकारही आढळतो. त्यामुळे मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या ऑथेंटिकेटरच्या अशा सूचनांमध्ये पडद्यावरील अंक फोनमध्ये भरणे सक्तीचे केले.

लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. अनेकांजवळ स्वतःचा फोन नसतो, आणि फ्रान्ससारख्या देशात २०१८ च्या कायद्याने प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत त्याच्या वापरावर बंदी आहे. अशा ठिकाणी शिक्षक व प्रशासकांच्या खात्यांना दुसरा घटक सक्तीचा करून मुलांच्या खात्यांचे अधिकार मर्यादित ठेवणे व्यवहार्य ठरते. मोठ्या प्रमाणावरील नोंदी मुलांच्या खात्यातून नव्हे, तर प्रशासकाच्या खात्यातून दिसतात.