वनस्पतिजन्य नॅनोकण आणि कॅडमियमग्रस्त भातपीक

जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भातातून कॅडमियम माणसांच्या शरीरात गेले आणि अस्थी ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ हा विकार उद्भवला. कामिओका खाणीतून नदीत आलेले कॅडमियम हे त्याचे मूळ होय, असे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. जड धातूंपासून पिकाचे रक्षण करावयाचे ते कशासाठी, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कॅडमियमचा वनस्पतीला काहीही उपयोग नाही. तथापि मँगॅनीज, लोह व जस्त आत नेणारी मुळांतील वाहक प्रथिने त्यालाही वाट देतात. पेशीत शिरलेल्या कॅडमियममुळे ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे वाढतात, पेशीपटलांना इजा होते आणि हरितद्रव्य घटते. फायटोकेलेटिन नावाच्या पेप्टाइडांनी कॅडमियमला बांधून रिक्तिकेत कोंडणे, हा वनस्पतीचा स्वाभाविक प्रतिकार होय.

या प्रतिकाराला नॅनोकणांची जोड देण्याचे प्रयत्न अलीकडे होत आहेत. नॅनोकण म्हणजे सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराचा कण. येथे ‘वनस्पतिजन्य’ या विशेषणाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. जस्त-ऑक्साइडाच्या कणांतील जस्त पानांतून येत नाही. ते जस्ताच्या क्षारातून येते. कडुनिंबासारख्या वनस्पतीच्या अर्कातील पॉलिफेनॉले व प्रथिने जस्ताच्या आयनांना धरून ठेवतात, कणांवर आवरण चढवतात आणि त्यांची वाढ आवरतात. म्हणजे विशेषण निर्मितीच्या रीतीचे आहे, द्रव्याचे नव्हे.

या कणांचा परिणाम अनेक प्रकारे संभवतो. त्यांतून सुटणारे जस्त मुळांच्या वाटेवर कॅडमियमशी स्पर्धा करते. काही कॅडमियम कणांच्या पृष्ठभागास चिकटून राहते. जस्ताची उणीव भरून निघाल्याने कॅटलेजसारख्या संरक्षक विकरांचे कार्यही सुधारते.

परंतु कॅडमियम हे मूलद्रव्य असल्याने नॅनोकणांनी त्याचा नाश होत नाही. ते मातीतच राहते. शिवाय जस्त प्रमाणाबाहेर गेल्यास तेही पिकाला विषारी ठरते. बहुतेक प्रयोग कुंड्यांत वा पोषकद्रावणांत झाले असल्याने शेतातील निष्कर्ष त्यांवरून थेट काढता येत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे असे की, रोप टवटवीत झाले म्हणून दाणा निर्दोष झाला, असे सिद्ध होत नाही. ताण सोसणारे पीक हिरवेगार दिसूनही दाण्यात कॅडमियम साठवू शकते. म्हणून अशा उपायाची कसोटी पानांच्या हिरवेपणावर नव्हे, तर दाण्यातील कॅडमियमच्या मोजणीवरच लागली पाहिजे.