रोजचे वचन कोणी निवडायचे?

परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे मूठभर. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रातच त्यांचे प्रमाण जेमतेम एक टक्का होते, मराठवाड्यात तर त्याहून कमी. रविवारची उपासना झाली की मंडळी आपापल्या गावाला पांगतात आणि पुढचे सहा दिवस जो तो आपल्या घरी. त्या सहा दिवसांत श्रद्धेला धरून ठेवते ते रोजचे मनन: सकाळी शास्त्रातला एक उतारा वाचायचा, थोडा वेळ त्याच्यापाशी थांबायचे, प्रार्थना करायची आणि कामाला लागायचे. पूर्वी हे घरातल्या जाड बायबलवरून किंवा मिशनच्या छापील पुस्तिकेवरून चाले. आता बहुतेकांच्या हाती ते व्हॉट्सॲपवरून येते. उगवता सूर्य, दोन फुले आणि त्यावर एक वचन. ते वाचायचे, हात जोडल्याची खूण टाकायची आणि पुढे धाडून द्यायचे. या सवयीला नावे ठेवणे सोपे आहे, पण मला तिच्यातली एकच गोष्ट खटकते. ते वचन निवडतो कोण? आपल्याला आवडेल, बरे वाटेल, तेच वचन आपल्यापर्यंत पोचत असेल तर आपण शास्त्र वाचतो आहोत की आपलेच मन, हे एकदा तपासायला हवे.

यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातले 11 वे वचन घ्या. देवाने तुमच्यासाठी हिताचे बेत आखले आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यायची आहे, असा त्याचा आशय. परीक्षेच्या आदल्या दिवशी, नोकरीच्या मुलाखतीला निघताना, दुकानाच्या उद्घाटनाला हे वचन हमखास दिले जाते. मुळात तो एका पत्राचा तुकडा आहे. यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया लिहितो आहे, आणि त्या लोकांना लवकर सुटकेची हमी देणारे भविष्यवादी तिथे भरपूर होते. यिर्मया सांगतो की सुटका सत्तर वर्षांनी होईल. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यातले बहुतेक जण ती पाहायला उरणार नाहीत. तोवर घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा आणि ज्या परक्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षांचे दहावे वचन गाळून अकरावे दिले की जो संदेश खोडून काढायला पत्र लिहिले, तोच संदेश पत्राच्या तोंडी घातला जातो. सोयाबीनचा भाव पडलेला, पीकविम्याचे पैसे अडकलेले, अशा माणसाला खोटी घाई न दाखवणारा यिर्मयाच अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

वचन असे सुटे करता येते ते आकड्यांमुळे, आणि हे आकडे मूळ लेखनातले नाहीत. आज रूढ असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी. नव्या करारातले वचनांचे क्रमांक त्याहून अलीकडचे, रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 साली घातलेले. (घोड्यावरून प्रवास करता करता त्याने ते घातले, असे त्याचा मुलगा सांगे, काही क्रमांकांची जागा बघता ते खरेही वाटते.) संदर्भ शोधायला ही सोय उत्तम. पण तिच्यामुळेच पत्रातले वाक्य कॅलेंडरवर जाऊन बसले.

ज्यांनी रोजच्या वाचनाची शिस्त घडवली त्यांना हा धोका कळला होता. जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरावियन मंडळीने 1731 पासून वर्षभराच्या रोजच्या वचनांची पुस्तिका छापायला सुरुवात केली, ती आजही निघते. तिच्यातले जुन्या करारातले वचन चिठ्ठी टाकून काढतात. उद्या काय येईल ते ना पाळकाच्या हाती, ना वाचकाच्या. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात रॉबर्ट मरे मक्शेन या तरुण पाळकाने 1842 मध्ये आपल्या मंडळीला वर्षाचा तक्ता आखून दिला. रोज साधारण चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. आवडो न आवडो, वंशावळ्याही आल्या आणि शापही आले. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 मध्ये नवी वाचनमाला लागू केली. तिच्यात रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात आणि इतर दिवसांची पहिली वाचने बहुतांशी दोन वर्षांच्या चक्रात फिरतात. परभणी जिल्हा ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो तिथेही रोजच्या मिस्साला तीच वाचने असतात. तिन्ही पद्धती एकमेकींपासून दूरच्या, पण तिन्हींनी निवडीचा हक्क वाचकाकडून काढून घेतला. माझ्या मते रोजच्या मननाचे सारे मोल त्यातच आहे.

हे परभणीकराला परके वाटू नये. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा माणूस अवघड ओवी आली म्हणून पाने उलटत नाही, आणि गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांवर वाढलेल्या मुलखाला देव दळणकांडणात येतो हेही सांगावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती परंपराही अखंड वाचनाचीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले. सृष्टीच्या आरंभापासून ख्रिस्तापर्यंतची कथा त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत सलग सांगितली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत आणले. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झाले. शेजारच्या जालन्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तिथे आलेली बरीच कुटुंबे गावकुसाबाहेरची, दुसऱ्याच्या रानात राबणारी होती. मराठवाड्यात शास्त्र प्रथम ज्यांच्या कानी गेले त्यांना मजुरी आणि उपासमार या गोष्टी टीपा वाचून समजून घ्याव्या लागल्या नसतील.

कॅथलिक वाचनमाला आपले काम कसे करते ते बघायला ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यातला एक आठवडा पुरे. चर्चच्या दिनदर्शिकेत सामान्य काळाचा हा विसावा आठवडा. बुधवारी मत्तयाच्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला येतो: कोणाला पहाटे कामावर घेतले, कोणाला दुपारी, कोणाला दिवस मावळायला आल्यावर, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकच नाणे, एका दिवसाच्या मजुरीचे. आधी आलेले कुरकुरतात. प्रवचनांत हा दाखला बहुधा देवाच्या कृपेवर जाऊन थांबतो. मजुरांच्या नाक्यावर अकरा वाजेपर्यंत डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्यातले दुसरेच वाक्य आधी ऐकू येईल. तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे, असे मालक विचारतो आणि मजूर म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही.

विषम वर्षी त्याच आठवड्यात शुक्रवारी आणि शनिवारी रूथची कथा येते. मवाबातून आलेली ही विधवा बेथलेहेमात सातूच्या कापणीमागे सरवा वेचते. सरवा काय असतो हे परभणीत सांगायला नको, शेंगा काढून झाल्यावर रानात राहिलेले वेचायला बाया जातातच. लेवीयाच्या 19 व्या अध्यायात शेताचा कोपरा कापू नका, पडलेले वेचू नका, ते गरिबाचे आणि उपऱ्याचे, असा नियमच आहे. त्या शेताचा मालक बवाज त्याच्याही पुढे जातो. शेतावरच्या गड्यांना तो बजावतो की या बाईच्या वाटेला जायचे नाही, आणि तिला सांगतो की तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या भांड्यातले पाणी पी. रानातल्या बाईची सुरक्षितता आणि पिण्याचे पाणी, दोन्ही गोष्टी एकाच वचनात. खुरपणीला बाया सांगणारा कोणताही शेतकरी, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, हे वाचून आपल्या बांधावर नजर टाकू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दुखावलेल्या माणसाला सांत्वन हवे असते, अभ्यास नव्हे. दवाखान्याच्या खाटेवरच्या बाईला बाबेलचा इतिहास सांगू नये हे मान्य. पण शास्त्राकडे सांत्वनाचा एकच गोड सूर नाही. 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे सर्वांत जास्त आहेत आणि 88 वे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही. ज्याला आज आशा धरवत नाही त्याच्या जवळ बसायला हे स्तोत्र उपयोगी पडते, आणि सुविचारांच्या चित्रांवर ते कधीच येत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. प्रोटेस्टंट बायबलात 1,189 अध्याय आहेत, वर्षात संपवायचे तर रोज तीनाहून अधिक. फेब्रुवारीत लेवीय सुरू झाले की बहुतेकांचे तक्ते अर्ध्यावर बंद पडतात. मग संपवण्याचा हट्ट सोडावा. एकच पुस्तक घ्यावे, फिलिप्पैकरांस पत्रासारखे चार अध्यायांचे, आणि महिनाभर क्रमाने वाचावे. सगळे काही करण्याची शक्ती मिळते अशा अर्थाचे त्यातले प्रसिद्ध वचन पौलाने तुरुंगातून, भूक आणि भरल्या पोटाबद्दल बोलताना लिहिले होते, हे मग आपोआप कळते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. वाचनमाला तरी कुठे निःपक्षपाती? निवडली तीही माणसांनीच. हे खरेच आहे. 1971 च्या कॅथलिक प्रार्थनाग्रंथातून शत्रूला शाप देणारी 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे पूर्ण वगळली गेली. मोरावियनांच्या चिठ्ठ्याही आधी निवडलेल्या वचनांतूनच निघतात. फरक इतकाच की ही निवड उघड आहे, छापलेली आहे, आणि काय गाळले ते कोणालाही तपासता येते. रूथच्या शनिवारच्या वाचनातही अशी एक उडी आहे. दुसऱ्या अध्यायातल्या अकराव्या वचनावर वाचन थांबते आणि थेट चौथ्यात, लग्न आणि बाळापाशी निघते. मधे बवाज रूथला आपल्या माणसांसोबत जेवायला बसवतो आणि आपल्याकडच्या हुरड्याची आठवण यावी असे भाजलेले दाणे तिच्यापुढे करतो. तिला मुद्दाम सापडावे म्हणून पेंढ्यांतून थोडे ओढून टाकत जा, असे गड्यांना सांगतो, आणि रूथ पोटभर खाऊन उरलेले सासूसाठी घरी नेते. चौदाव्या वचनापासून अठराव्यापर्यंतचा हा भाग वाचायचा तर घरचे बायबल काढावे लागते. पाच मिनिटे लागतात.